मराठवाड्याचा किनारा: धरणकाठच्या मासेमार गावांसोबत जलाशय राखण्याचं काम कसं करावं

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. पण किनारा आहे, आणि त्या किनाऱ्यावर पाण्याच्या भरवशावर जगणारी माणसंही आहेत. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पूर्ण भरला की जवळपास 350 चौरस किलोमीटरवर पसरतो. माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, निम्न दुधना, निम्न तेरणा, विष्णुपुरी या प्रत्येक धरणाच्या फुगवट्याला मासेमारांच्या वस्त्या आहेत. गावोगावच्या पाझर तलावांवर जाळी टाकणारी कुटुंबं तर वेगळीच.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, आपल्या जलाशयांना वर्षातून एकदा. जुलै ते सप्टेंबर पाणी चढतं आणि पुढचे आठ महिने ओहोटी चालते. हवामान बदलाचा घाव नेमका याच भरती-ओहोटीवर बसतो आहे. 2012, 2014, 2015, 2018 या वर्षांत मराठवाडा दुष्काळात होरपळला. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडल्यामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात महापुराने शेतं खरवडून नेली. एकाच काठाला दोन्ही सोसायचं आहे.

हा लेख अशा काठासाठी काही करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे: कॉलेजातले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, शिक्षक, पक्षिमित्र, बचतगट, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी दिलेला, निधी हाताळणारे अधिकारी आणि अर्थातच काठावरच्या गावातली तरुण मुलं-मुली. माझं म्हणणं एकच आहे. मासा, पक्षी आणि माणूस तिघेही एकाच पाणरेषेवर जगतात. काठावरच्या माणसाच्या हातात वर्षभरात चार पैसे किंवा थोडी सुरक्षितता पडली नाही, तर संवर्धनाचा कुठलाही नियम तिथे टिकत नाही. म्हणून पुढची सगळी कामं पाण्याच्या पातळीप्रमाणे लावली आहेत. कॅलेंडर भिंतीवर असू द्या, पण तारीख पाण्याला विचारा.

उन्हाळा: तळ दिसतो तेव्हा सुरुवात करा

एप्रिल-मे हा सुरुवात करण्याचा सर्वांत चांगला काळ. ऊन कडक असतं, पण जलाशयाचा तळ तेव्हाच दिसतो.

पहिलंच काम असेल तर नाथसागर निवडू नका. तो दोन महसुली विभागांत, अनेक तालुक्यांत पसरलेला आहे, आणि तिथल्या प्रश्नांची गुंतागुंत नव्या गटाला झेपत नाही. एकच मच्छीमार सोसायटी असलेला, तास-दोन तासांत अर्धा काठ पायी फिरता येईल असा लघु किंवा मध्यम प्रकल्प घ्या. तिथे दोन-तीन वर्षं काम नीट उभं राहिलं की मोठ्या पाण्याकडे जाता येईल.

जायच्या आधी तीन गोष्टी कागदावर शोधून ठेवा. पाणी कोणाच्या ताब्यात आहे? मोठी आणि मध्यम धरणं जलसंपदा विभागाकडे असतात, 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे. मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे आणि तो कधी संपतो? हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात कळतं. तिसरं, ते क्षेत्र अभयारण्यात येतं का? जायकवाडीचा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे ड्रोन उडवणं, झाडं लावणं, फलक ठोकणं यांपैकी काहीही वन विभागाच्या वन्यजीव शाखेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आणखी एक लक्षात ठेवा: केंद्राच्या 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. म्हणजे तुमच्या गावचा तलाव कितीही पक्ष्यांनी भरलेला असला, तरी त्या नियमांचं कवच त्याला मिळत नाही. तो राखायचा तर ग्रामपंचायत, सोसायटी आणि काठावरची माणसं यांच्या बळावरच.

मग काठ फिरा, सोबत एखादा जुना मासेमार घेऊन. नोंदवायच्या गोष्टी अशा: उन्हाळ्यातही पाणी धरून ठेवणारे डोह कुठे आहेत. नदी किंवा ओढा जलाशयात शिरतो ते तोंड कुठे आहे. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी बेटं कोणती. बुडालेल्या विहिरी, जुन्या गावाच्या भिंती, उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारी, वीटभट्ट्या, सांडपाणी येणारे नाले. मोबाइलवर ठिकाणं टिपून ठेवा, पण मोठ्या कागदावर हाताने नकाशाही काढा. तो नकाशा वस्तीतल्या माणसांसमोर पसरता येतो, त्यावर बोट ठेवून ते तुम्हाला दुरुस्त करू शकतात. मोबाइलचा पडदा कोणी दुरुस्त करत नाही.

याच दिवसांत निकामी जाळी गोळा करून घ्या. तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या धाग्याची, फाटकी जाळी वर्षानुवर्षं कुजत नाहीत. पाण्यात राहिली की मासे आणि पाणकावळे त्यात अडकून मरत राहतात. पाणी उतरलं की ती काटेरी झुडपांना, दगडांना लटकलेली दिसतात. सोसायटीने वजनावर थोडे पैसे देऊन ती विकत घेतली, तर पोरंसुद्धा काठ साफ करतात.

माणसांशी बोलणं

मराठवाड्यात मासेमारी प्रामुख्याने भोई, कहार, कोळी समाजांची. पण सोसायटीच्या कागदावरचे सभासद आणि रोज पाण्यात उतरणारे हात हे नेहमी एकच असतात असं नाही. दोघांची यादी वेगळी करा. त्यात मासळी विकणाऱ्या बाया घाला, गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन, कसणारे घाला, उन्हाळ्यात मेंढरं घेऊन येणारे धनगर घाला. यातला एक जरी गट सुटला, तरी पुढे तुमचा ठराव तोच मोडणार.

पहाटे जाळी काढण्याच्या वेळी कोणालाही थांबवू नका. मासळी बर्फात जाईपर्यंत त्यांच्याकडे वेळ नसतो. दुपारी जाळी दुरुस्त करत बसतात तेव्हा गप्पा चांगल्या होतात. आणि “तुमच्या समस्या काय?” असं विचारू नका, त्याला मागण्यांची ठरलेली यादी मिळते. नेमकं विचारा. मागच्या उन्हाळ्यात कोणत्या महिन्यात मासळी संपली? जाळं कोणाच्या उचलीवर घेतलं आणि त्या बदल्यात मासळी कोणाला, किती भावाने द्यावी लागते? मरळ, वाम, शिंगाळा पूर्वी कुठे सापडायचे, आता कुठे? 2018 ला पाणी संपलं तेव्हा घर कसं चाललं? कोण ऊसतोडीला गेलं?

बायांशी वेगळं बोला, शक्य असेल तर तुमच्यातल्या बाईनेच. बर्फ किती लागतो, बाजाराला जायला वाहन काय, न विकलेल्या मासळीचं काय होतं, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं सोसायटीच्या चेअरमनलाही नसतं. माझ्या पाहण्यात, मासळीच्या नासाडीबद्दलचा सर्वांत नेमका हिशोब नेहमी विकणाऱ्या बाईकडेच असतो. उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ वजनाने लागतो, आणि तेवढा परवडत नाही म्हणून संध्याकाळी ती पडेल भावाने जाते. चांगली बर्फाची पेटी ही अनेक ठिकाणी नव्या जाळ्यापेक्षा जास्त फायद्याची मदत ठरते. पेटी आली की तेवढ्याच मासळीला जास्त पैसे येतात, म्हणजे पाण्यावरचा ताणही वाढत नाही.

मासे, पाणवनस्पती, पक्षी यांची जी नावं आणि ठिकाणं सांगितली जातात ती लोकजैवविविधता नोंदवहीत गेली पाहिजेत. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. पुष्कळ गावांत ही समिती कागदावर असते आणि नोंदवहीत झाडांची नावं भरलेली असतात, पाण्याचं पान मात्र कोरं. ते पान भरून घ्या. अंडी घालायच्या जागा आणि डोह यांची नेमकी ठिकाणं मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. ती माहिती गावाची आहे.

मे अखेर: पावसाआधी जीव सांभाळण्याची तयारी

जायकवाडीच्या फुगवट्यातल्या गावांत शाळेची मुलंसुद्धा थर्माकोलच्या तराफ्यावरून पाणी ओलांडतात. मासेमार त्याच तराफ्यावर, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतात. वळवाचं वादळ अचानक उठतं, पसरलेल्या पाण्यावर लाटा उसळतात आणि थर्माकोल मोडतो. म्हणून लाइफ जॅकेट हा पहिला खर्च. वाटताना अंगावर चढवून दाखवा, पाण्यात उतरून तरंगून दाखवा. घरात खुंटीला टांगलेलं जॅकेट कोणाला वाचवत नाही, आणि जाळं ओढताना हात अडतात ही तक्रार खरी असते. त्यामुळे खांद्याला मोकळं राहणारं जॅकेट निवडा. फायबरच्या होडीसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान मिळू शकतं: सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना 60 टक्के. तराफ्याचा थर्माकोल कुरतडून त्याचे मणी पाण्यात पसरतात, होडी आली की तेही थांबतं.

दुसरं काम विम्याचं. मत्स्यसंपदा योजनेतल्या समूह अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास 2.5 लाख आणि रुग्णालयातल्या उपचारांसाठी 25 हजार रुपयांपर्यंत मदत आहे. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मासेमाराला काही द्यावं लागत नाही. तरी अनेकांची नोंद झालेली नसते, कारण आधार, बँक खातं आणि सोसायटीचा दाखला यांवरची नावं जुळत नाहीत. कॉलेजच्या मुलांनी दोन रविवार वस्तीत बसून ही नावं जुळवून दिली आणि नोंदणी केली, तर व्याख्यानांच्या मालिकेपेक्षा जास्त उपयोग होतो. त्याच बैठकीत किसान क्रेडिट कार्डचे अर्ज भरून घ्या. मासेमारांनाही ते मिळतं, आणि एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिल्यापासून बँकेत हे सांगायला आधार आहे. उचलीच्या फेऱ्यातून सुटायचा रस्ता बहुतेकांसाठी इथूनच जातो.

तिसरं, निरोप. धरणाचे दरवाजे उघडणार असले की विसर्गाचा आकडा क्यूसेकमध्ये येतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. हा आकडा धरणाखालच्या आणि वरच्या वस्तीला सारखा उपयोगी नसतो. खालच्यांनी नदीपात्रातली जाळी आणि मोटारी काढायच्या, वरच्यांनी काठावरची झोपडी आणि जनावरं हलवायची. प्रत्येक वस्तीत दोन माणसं नेमा, एक पुरुष, एक बाई. त्यांनी धरणावरच्या नियंत्रण कक्षाशी फोनवर बोलायचं आणि वस्तीत सांगायचं. व्हॉट्सॲपचा ग्रुप असू द्या, पण रात्रीच्या पुराला मंदिराची किंवा मशिदीची भोंग्याची व्यवस्थाच कामी येते. ती आधी ठरवून, एकदा वाजवून बघा.

पावसाळा: नदीचं तोंड सोडा

आता सर्वांत महत्त्वाचं काम, आणि सर्वांत अवघडही.

कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. पहिले पूर आले, गढूळ वाहतं पाणी मिळालं की ते प्रवाहाच्या उलट दिशेने नदीत चढतात आणि तिथे अंडी घालतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. जलाशयात नदी जिथे मिळते तिथे जुलै-ऑगस्टमध्ये आडवी जाळी लावली, तर अंड्यांनी भरलेल्या माद्या एका जागी सापडतात. त्या आठवड्यात टोपल्या भरतात आणि पुढचं वर्ष रिकामं जातं. पावसाचं वेळापत्रक बिघडल्यापासून हे जास्त धोक्याचं झालं आहे. पूर्वी पूर टप्प्याटप्प्याने यायचे, मासे दोन-तीनदा चढायचे. आता कधी कधी सगळा पाऊस दोन-चार दिवसांत पडतो. वीण चुकली तर त्या वर्षी दुसरी संधी नाही.

म्हणून संपूर्ण जलाशय बंद करण्याचा आग्रह धरू नका, तो पाळला जात नाही. नदीचं तोंड आणि त्याखालचा ठरलेला पट्टा, एवढाच भाग पहिल्या मोठ्या पुरापासून निदान दीड-दोन महिने बंद ठेवायचा ठराव सोसायटीने करावा. हद्द दोन्ही काठांवरच्या ठळक खुणांनी ठरवावी: अमक्या चिंचेपासून तमक्या पुलापर्यंत. राखण करणारी मुलं वस्तीतलीच असावीत, त्यांना रोजंदारी मिळावी.

बंदीच्या काळात घर कसं चालेल, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर बंदीची गोष्टच काढू नका. मत्स्यसंपदा योजनेत मंदीच्या किंवा बंदीच्या तीन महिन्यांसाठी बचत आणि मदत अशी सोय आहे: मासेमाराने 1,500 रुपये भरले की सरकारचे 3,000 मिळून 4,500 परत मिळतात. रक्कम छोटी आहे. तिला सोसायटीचा फिरता निधी, बचतगटाचं बिनव्याजी कर्ज, जाळी विणण्याचं काम यांची जोड द्यावी लागते. उरलेल्या खुल्या पाण्यात मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, जाळी चालू राहू द्यावीत.

आसाचा विषय इथेच. जाळ्याचा आस ताणून गाठ ते गाठ मोजतात. आस किती असावा याचा आकडा बाहेरून लादण्याऐवजी एक साधी चाचणी घ्या. वेगवेगळ्या आसांच्या जाळ्यांत सापडलेले मासे एका फळीवर मांडा, मोजा, पोट चिरून अंडी आहेत का पाहा. कटला आणि रोहू साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विणीला येतात. कोणतं जाळं न वाढलेला मासा उचलतं, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. मग सोसायटी स्वतः आकडा ठरवते आणि तो पाळलाही जातो. बारीक आसाची जाळी जप्त करू नका, बदलून द्या: जुनं जाळं जमा, नवं मोठ्या आसाचं, अर्धी किंमत सभासदाने हप्त्याने द्यायची. फुकट दिलेलं जाळं विकलं जाण्याची शक्यता फार. मच्छरदाणीच्या कापडाने काठावर ओढ मारणं मात्र पूर्ण बंद व्हायला हवं. त्यात बोटभर वाढायच्या आतच सगळी पिल्लं संपतात. जिलेटिन किंवा विष टाकून मासे मारणं 1897 पासून गुन्हा आहे, त्यावर चर्चा नको, पोलिसांत जा.

ऑक्टोबर: बीज सोडणं आणि पाण्याचा हिशोब

पाणी चढायचं थांबलं, सांडवा बंद झाला की मत्स्यबीज सोडायचं. आधी सोडलं तर बरंचसं सांडव्यावरून वाहून जातं. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं, स्वस्त मिळतात म्हणून जलाशयात टाकणं हा पैशांचा नाश आहे. मरळ, शिंगाळा असे शिकारी मासे ते गिळून टाकतात. निदान 8-10 सेंटिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लंच घ्या.

पुरवठादार संख्या सांगतो ती मोजून घ्या. एक मग भरून त्यातली बोटुकली मोजायची, असे तीन-चार मग मोजून सरासरी काढायची, मग एकूण मग मोजायचे. सोसायटीचे दोन सभासद आणि दोन तरुण असे मोजणीला असले की वाद होत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडा. ऑक्सिजनची पिशवी आधी 15-20 मिनिटं न फोडता पाण्यावर ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान जुळतं. मग तोंड उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत येऊ द्या आणि बोटुकलीला आपणहून बाहेर पडू द्या. कालव्याच्या विमोचकाजवळ (पाणी सोडायच्या दाराजवळ) किंवा भिंतीपाशी सोडू नका, उथळ शांत काठावर विभागून सोडा.

आफ्रिकन मांगूर कोणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर ठाम नकार द्या. देशात त्याच्यावर 2000 पासून बंदी आहे, तो इथले मासे खाऊन संपवतो. तिलापिया तर आधीच सगळीकडे पसरलेला आहे. तो भरपूर पकडा, खा, विका, पण नव्याने सोडू नका. घरातल्या काचेच्या टाकीतले मासे तलावात नेऊन सोडणाऱ्या शहरी लोकांनाही हे सांगायला हवं. सकर मासा असाच पसरतो आणि जाळी फाडतो.

हिवाळा: गाळपेर, पक्षी आणि बेटं

पाणी उतरायला लागलं की मागे काळीभोर ओली जमीन उरते. गहू, हरभरा, ज्वारी, टरबूज, काकडी, चारा सगळं तिथे कमी पाण्यात येतं. या गाळपेर जमिनी जलसंपदा विभाग हंगामापुरत्या भाड्याने देतो. त्यांवर पहिला हक्क धरणासाठी जमीन गमावलेल्यांचा असावा, असं मला मनापासून वाटतं, आणि वाटपाच्या वेळी हे पाहणारं कोणीतरी गावात असायला हवं. दुष्काळात हीच जमीन जनावरं जगवते. 2018 च्या टंचाईत शासनाने चाऱ्यासाठी ती नाममात्र भाड्याने दिली होती.

अडचण फवारणीची आहे. गाळपेरीवरचं औषध पुढच्या पावसाळ्यात थेट पाण्यात जातं, आणि जायकवाडीचं पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना पितात. गाळपेर बंद करा म्हणणं अन्यायाचं होईल. त्याऐवजी दोन गोष्टींवर एकमत करा: तणनाशक अजिबात नाही, आणि पाण्यालगतचा 30-40 मीटरचा पट्टा नांगरायचा नाही. पाणी जसं खाली जाईल तसा पट्टाही खाली सरकतो. हिवाळ्यात आलेले पक्षी याच चिखलात चरतात. शेकाट्या, तुतवार, चक्रवाक, रोहित सगळ्यांचं जेवण त्या उथळ कडेला असतं. पट्टकदंब हिमालयापलीकडून येतात आणि रात्री कोवळ्या पिकावर उतरतात. त्याने शेतकरी चिडतो, ते खोटं नाही. कडेचा चाऱ्याचा पट्टा राखला तर बराच त्रास कमी होतो. तरीही नुकसान झालं तर पंचनाम्यासाठी अर्ज लिहून देणं हे पक्षिमित्रांचं कामच समजा.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यात भाग घ्या आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच वेळी मोजा. मोजायला मासेमारांना रोजंदारी देऊन सोबत घ्या. होडी त्यांची, डोळे त्यांचे. शहरातून पक्षी बघायला येणाऱ्यांच्या होडीचं भाडं सोसायटीने ठरवावं, थव्यात होडी घालायची नाही हा नियमही तिनेच लावावा.

मार्च ते मे नदी सुरय उघड्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतात. पाणी भराभर उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, आणि कुत्री, कोल्हे, गुरं थेट घरट्यांत पोचतात. धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर तुमचा ताबा नाही. पण जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यावर काटेरी फांद्यांचं कुंपण आणि महिनाभर एक राखणदार एवढं जमतं. अंड्यांचे फोटो काढायला कोणालाही नेऊ नका. जायकवाडीसारख्या अभयारण्यात हे कुंपणही वन विभागाला सांगूनच.

गाळ, डोह, झाडं

छोट्या तलावांतला गाळ काढायला “गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार” योजना आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 2023 च्या बदलांनंतर अल्प आणि अत्यल्पभूधारकांना गाळ वाहून नेण्यासाठी एकरी 15,000 रुपये, अडीच एकरांपर्यंत म्हणजे कमाल 37,500 रुपये मिळतात. वाळू काढून विकण्याला बंदी आहे. जेसीबी लावण्याआधी उन्हाळ्यातला तो हाताने काढलेला नकाशा ऑपरेटरला दाखवा. गाळ काढताना मुरूम लागला की थांबायचं, मुरूम खरवडला की पाणी झिरपून जातं. एक बाजू उथळ उताराची राहू द्या, तलावाची बादली करू नका. आणि एक-दोन डोह खोल करून कायमचे राखीव ठेवा, तिथे कधीही जाळं टाकायचं नाही. दुष्काळात सगळा तलाव आटतो तेव्हा या डोहातल्या माद्यांवर पुढच्या पावसातली वीण उभी राहते.

झाडांबद्दल थोडक्यात. पूर्ण भरणीच्या रेषेच्या वरच लावा, काठावरची जुनी बाभूळ तोडू नका, मातीच्या धरणाच्या भिंतीवर एकही झाड नको कारण मुळं भिंत पोखरतात. जलपर्णी फुलावर यायच्या आत काढा आणि पुराच्या रेषेच्या वर नेऊन कुजवा.

मासे मेले तर

पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेताना दिसले तर पाण्यातला ऑक्सिजन संपत आला आहे. मेलेले मासे तरंगू लागले की पहिल्या दोन तासांत पुरावा जमा करावा लागतो. वेळ आणि ठिकाण दिसेल असे फोटो घ्या. मासे मेलेल्या जागेचं, नाल्याच्या तोंडाचं आणि वरच्या चांगल्या पाण्याचं असे तीन नमुने घ्या. स्वच्छ बाटली पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरा, आत हवा नको. झाकण लावून बर्फात ठेवा, वर वेळ लिहा. तलाठी, मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना एकाच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. मेलेली मासळी बाजारात जाऊ देऊ नका, तिचं वजन सोसायटीने नुकसानभरपाईच्या अर्जात लिहावं. पंचनाम्याविना नाल्याच्या मालकाचं नाव जाहीरपणे घेऊ नका.

पैसा आणि पुढचं वर्ष

निधी आला की तो सोसायटी किंवा बचतगटाच्या खात्यात जावा, बाहेरच्या संस्थेच्या नाही. सह्या दोन असाव्यात, त्यातली एक मासळी विकणाऱ्या बाईची. खर्चाचा कागद दर महिन्याला समाजमंदिराच्या भिंतीवर लावा. देणगीदाराला रोपांची आणि जॅकेटांची संख्या हवी असते, ती द्या. पण स्वतःसाठी वेगळी वही ठेवा: आठवड्याला एकदा जाळ्यामागे किती किलो मासळी, मोठी किती, लहान किती, भाव काय, पाण्याची पातळी किती. ही वही वस्तीतल्या शिकलेल्या मुलीने लिहावी आणि तिला त्याचं मानधन मिळावं. तीन वर्षांची अशी वही हातात असली की ठेका नूतनीकरणाच्या वेळी सोसायटीला अधिकाऱ्यासमोर बोलायला बळ येतं.

वार्षिक बैठक 15 ऑक्टोबरच्या आसपास घ्या. गोदावरीच्या पाण्याच्या समन्यायी वाटपात याच तारखेचा जायकवाडीचा साठा पाहिला जातो. उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. तुमचा तलाव लहान असला तरी त्या दिवसापर्यंत वर्षभराचं पाणी कळलेलं असतं. पातळी बघून तिथेच ठरवा: बीज किती सोडायचं, गाळपेरीचा पट्टा कुठून धरायचा, कोणता डोह राखायचा, आणि पाणी कमी असेल तर फेब्रुवारीनंतर कोणाच्या घराला आधी कर्ज लागेल.